रॅम ओव्हरक्लॉक केल्यावर पीसी कोसळतोय? आधी एरर कधी येतो ते बघा

एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला पाकिटावरच्या जादा वेगावर नेणारं बायोसमधलं सेटिंग) चालू केलं, विंडोज सुरू झालं, बेंचमार्कचा आकडा वाढला. चार दिवसांनी ब्राउझरची टॅब आपोआप मरायला लागली, गेम मध्येच डेस्कटॉपवर आणून सोडायला लागला, झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याचा इशारा) आला. अधूनमधून निळा पडदा येतो आणि त्यावर दर वेळी वेगळंच कारण असतं: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. कारण असं दर वेळी बदलत असेल तर संशयित क्रमांक एक रॅम. ड्रायव्हर बिघडला असेल तर तो बहुधा एकाच ठिकाणी, एकाच कारणाने पडतो.

इथे बहुतेक लोक बायोसमध्ये शिरून दिसेल ते व्होल्टेज वाढवतात. त्यातलं एखादं लागू पडतंही, पण कुठलं लागू पडलं ते कळत नाही, आणि उरलेली तीन विनाकारण वर राहतात. त्यापेक्षा घड्याळाकडे बघा. टेस्ट सुरू केल्यावर एरर दहा सेकंदांत आला, पाऊण तासाने आला, की फक्त सकाळी मशीन थंड असताना आला, यावरून दोष कुठे आहे याचा अंदाज निम्म्याहून जास्त वेळा बरोबर निघतो.

पुढचे सगळे आकडे एएम५ (एएमडीच्या रायझनचं सॉकेट) बोर्ड, रायझन ७००० किंवा ९००० मालिकेचा प्रोसेसर आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, ६००० वेग, सीएल३० (मागणीपासून डेटा मिळेपर्यंत ३० सायकल; अशा अंतरांना टायमिंग म्हणतात) असा सेटअप धरून आहेत. घरगुती मशीनमध्ये सध्या हीच जोडी जास्त दिसते. डीडीआर४ आणि इंटेलचं वेगळेपण शेवटाकडे आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. एक्स्पो हे एका बटणाचं असलं तरी ओव्हरक्लॉकिंगच आहे. दोन स्टिकना रायझन ७००० ची अधिकृत हमी ५२०० पर्यंत, ९००० ची ५६०० पर्यंत. पाकिटावरचा ६००० हा स्टिक बनवणाऱ्याचा शब्द आहे. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरने तो दिलेला नाही. प्रत्यक्षात बहुतेक चिप ६००० पेलतात, पण 'बॉक्सवर लिहिलंय म्हणजे चाललंच पाहिजे' हा हट्ट कामाचा नाही.

छेडछाडीआधी

अस्थिर रॅम विंडोज पाडते तो त्रास दिसतो तरी. न दिसणारा त्रास जास्त महाग पडतो: चुकीचा बिट फाइलमध्ये लिहिला जातो आणि सहा महिन्यांनी फोटो अर्धा करडा उघडतो. म्हणून तपास संपेपर्यंत या मशीनवर मोठी कॉपी किंवा विंडोज अपडेट करू नका; बायोस अपडेटही एक्स्पो बंद ठेवून, पाया पक्का ठरल्यावरच. बॅकअप घ्यायचा तर आधी एक्स्पो बंद करा, मग घ्या. बिघडलेल्या रॅममधून घेतलेला बॅकअपही बिघडलेलाच असू शकतो.

बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोर्डवर क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग मूळपदावर आणणाऱ्या) दोन पिना कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये आत्ताच शोधून ठेवा. मशीन चालू होईनासं झाल्यावर मॅन्युअलची पीडीएफ कशावर उघडणार? रीसेट करताना मागचं स्विच बंद, केबल काढलेली, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना दहा सेकंद जोडायच्या. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवली तरी चालतं.

पाया पक्का आहे का

बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करा. एक्स्पो बंद, पीबीओ (प्रोसेसरचा ऑटो ओव्हरक्लॉक) बंद, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरच्या कोअरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) शून्यावर. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. उणे ३० ला ठेवलेला एखादा कमजोर कोअर अगदी रॅमसारखेच क्रॅश देतो, आणि माणूस आठवडाभर टायमिंग बदलत बसतो.

आता रॅम ४८०० वर धावेल. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ किंवा मुक्त परवान्याचं मेमटेस्ट८६प्लस टाका आणि त्यावरून बूट करून चार पूर्ण फेऱ्या होऊ द्या. विंडोजसोबत येणाऱ्या मेमरी डायग्नोस्टिकवर विसंबू नका, त्याच्या हाती फार थोडं लागतं. मेमटेस्ट८६ मध्ये फक्त १३ व्या क्रमांकाच्या हॅमर टेस्टमध्ये काही आलं आणि बाकी सगळं स्वच्छ असेल तर घाबरू नका. ती टेस्ट शेजारच्या ओळींवर मुद्दाम मारा करून चिपची रचना तपासते.

४८०० वरही एरर आला तर हा ओव्हरक्लॉकिंगचा प्रश्नच नाही. एकेक स्टिक ए२ स्लॉटमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसऱ्या स्लॉटमध्ये, लावून वेगवेगळी तपासा. एकच स्टिक प्रत्येक वेळी फसली तर ती बदलून घ्या. दोन्ही स्टिक ए२ मध्ये पास आणि बी२ मध्ये नापास झाल्या तर संशय स्लॉटवर किंवा सॉकेटवर. एएम५ च्या पिना सॉकेटमध्ये असतात. त्यातली एखादी वाकली, खाली धूळ राहिली किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, तर एक मेमरी चॅनल लंगडा पडतो. कूलर सैल करून तिरपं-तिरपं, थोडं-थोडं आवळल्यावर प्रश्न सुटल्याची उदाहरणं कमी नाहीत.

स्टिक बसवतानाही नीट बघा. बऱ्याच बोर्डांवर आता एकाच बाजूला लॅच असतो. त्या बाजूची 'टक' ऐकू येते आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठ्याने वेगवेगळा दाब द्या. दोन स्टिक नेहमी ए२ आणि बी२ मध्ये. पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये लावल्या तर मागे उरलेला रिकामा तारेचा तुकडा सिग्नल परावर्तित करतो, आणि ४८०० ला बिनबोभाट चालणारं मशीन ६००० ला धडपडतं.

पाया पक्का निघाला की बायोस अद्ययावत करा. एएम५ वर मेमरीचं वागणं बायोसमधल्या अजेसा या एएमडीच्या कोडवर फार अवलंबून आहे. सुरुवातीला ६००० ला रडणारी कितीतरी मशीन नुसत्या अपडेटने सुधारली. अपडेटनंतर जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल लोड करू नका. फोटो बघून आकडे पुन्हा हाताने भरा.

कुठली टेस्ट, किती वेळ

बूट होणारी टेस्ट खराब स्टिक पकडायला उत्तम, ओव्हरक्लॉक तपासायला अपुरी. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असतं, प्रोसेसरवर ताण नसतो, स्टिक गार राहतात. खरी परीक्षा विंडोजमध्ये घ्या, आणि किमान दोन वेगळ्या प्रकारच्या टेस्ट लावा.

पहिली टेस्टमेम५. सोबत अँटा७७७ ची 'ॲब्सोल्युट' किंवा 'एक्स्ट्रीम' कॉन्फिग घाला. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि खिडकीत त्या कॉन्फिगचं नाव दिसतंय ना, ते बघा. नसेल तर तुम्ही मूळची हलकी टेस्ट चालवताय. ३२ जीबीला तीन फेऱ्या म्हणजे साधारण दीड-दोन तास धरा. ही टेस्ट चिपमधल्या पेशी आणि टायमिंग यांना पिळून काढते. पैसे देण्याची तयारी असेल तर कारहू रॅम टेस्टही याच कामाची. तिथे ६४०० टक्क्यांच्या आत थांबू नका.

दुसरी वाय-क्रंचरमधली व्हीटी३. हिचा ताण मेमरी कंट्रोलर, त्याला मिळणारं एसओसी व्होल्टेज आणि प्रोसेसर यांच्यावर जातो. टेस्टमेम५ रात्रभर पास होऊन व्हीटी३ चार मिनिटांत नापास होणं अगदी नेहमीचं आहे. ती दोन तास चालवा.

सोबत दोन छोटी साधनं उघडी ठेवा. झेनटायमिंग्जमध्ये सगळे टायमिंग, एमसीएलके (रॅमचं घड्याळ), यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचं घड्याळ), एफसीएलके (प्रोसेसरमधले भाग जोडणाऱ्या मार्गाचं घड्याळ) आणि व्होल्टेज एकाच पानावर दिसतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये डीडीआर५ स्टिकचं 'एसपीडी हब टेंपरेचर' दिसतं. प्रत्येक डीडीआर५ स्टिकवर हा सेन्सर असतो, आणि आपल्याकडे तर तो निम्मं काम करतो.

किती एरर चालतील? एकही नाही. 'दोन तासांत एकच आला, म्हणजे ठीक' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: डीडीआर५ च्या चिपमध्ये एका बिटची चूक आतल्या आत दुरुस्त करण्याची सोय आहे, आणि ती दुरुस्ती विंडोजला कळवली जात नाही. ही सोय चिप आणि प्रोसेसरमधल्या तारांना लागू नाही. म्हणजे जो एक एरर तुम्हाला दिसला तो सगळ्या चाळणीतून निसटून आलेला आहे. त्याच्यामागे किती दडले ते मोजायची सोय नाही.

आता घड्याळ लावा

*मशीन चालूच होत नाही, बोर्डवरचा डीरॅम दिवा पेटलेला राहतो.* आधी थांबा. डीडीआर५ पहिल्यांदा किंवा सेटिंग बदलल्यावर ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रोसेसरशी सिग्नल जुळवून घेतो, आणि तेव्हा पडदा काळाच असतो. ३२ जीबीला दोन-चार मिनिटं, ६४ किंवा ९६ जीबीला दहा मिनिटंही लागू शकतात. पॉवर बटण दाबून ट्रेनिंग मध्येच तोडलं की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटांनीही काही नाही तर सीमॉस क्लिअर करा आणि वेग ५६०० ला ठेवून बघा. तिथे चढलं तर टायमिंग न बदलता एकेक पायरीने ६००० कडे जा. जिथे अडेल तिथे प्रश्न कंट्रोलरचा किंवा व्होल्टेजचा.

*विंडोज चढतं, पण टेस्ट सुरू होताच दहा-वीस सेकंदांत एररची रांग लागते.* मुख्य टायमिंग फार घट्ट आहेत किंवा स्टिकला व्होल्टेज कमी पडतंय. झेनटायमिंग्जमध्ये व्हीडीडी आणि व्हीडीडीक्यू (स्टिकला मिळणारी दोन व्होल्टेज) बघा. ६००० सीएल३० साठी प्रोफाइल १.३५ व्होल्ट मागत असताना बोर्डाने १.२५ ला ठेवलंय का? एक्स्पोसोबत व्होल्टेज उचललं न जाण्याचे प्रकार होतात. ते बरोबर असेल तर १.३५ वरून ०.०२ च्या पावलांनी १.४० पर्यंत जा. तेवढ्याने भागत नसेल तर व्होल्टेज सोडा आणि सीएल ३० ऐवजी ३२ करा. कुलूपबंद पीएमआयसी (स्टिकवरची व्होल्टेज सांभाळणारी चिप) असलेल्या स्टिक १.४३५ च्या वर जातच नाहीत. ज्या जातात त्यांना घरच्या वापरात तिथे नेण्यात काही अर्थ नाही: वेग दोन टक्के, उष्णता कितीतरी जास्त.

*टेस्टमेम५ पास, व्हीटी३ किंवा गेम नापास. किंवा आवाज फाटतो, यूएसबी मध्येच तुटतं.* स्टिकला हात लावू नका, प्रोसेसरच्या बाजूला बघा. इथे दोन गोष्टी आहेत: एसओसी व्होल्टेज आणि एफसीएलके.

एसओसीला ६००० साठी बहुतेक चिपना १.१५ ते १.२५ व्होल्ट पुरतात. ऑटोवर सोडलं तर काही बोर्ड थेट १.३० देतात. कमाल १.३० ही मर्यादा एएमडीने २०२३ च्या वसंतात घातली, कारण ७००० एक्स३डी मालिकेचे प्रोसेसर त्यापेक्षा जास्त व्होल्टेजने जळाले होते. म्हणून आकडा हाताने १.२० ला बांधा, टेस्ट करा, गरज पडली तर ०.०२ ने वाढवा आणि १.२५ ला थांबा. वर जाऊन फरक पडत नसेल तर खाली येऊन बघा: काही चिप १.२५ ला पडतात आणि १.१८ ला निर्धास्त चालतात.

एफसीएलके २००० ला ठेवा. कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये २१३३ दिसला म्हणून आपलाही तिथे नेऊ नका. त्याची पायरी ३३ मेगाहर्ट्झची असते. शंका आली की दोन पायऱ्या उतरा. एफसीएलकेची एक लबाडी अशी की तो काठावर असला तर एरर न देता काम पुन्हा-पुन्हा करतो आणि वेग गुपचूप घटतो. वाय-क्रंचरमध्ये पाय (π) या संख्येचे एक अब्ज अंक पाच वेळा काढा. वेळा एकमेकींपासून बऱ्याच लांब पडत असतील तर एफसीएलके खाली आणा, जरी प्रत्येक टेस्ट हिरवी दिसत असली तरी.

६००० च्या वर गेलात तर यूसीएलकेही तपासा. बरेच बोर्ड ऑटोमध्ये त्याला एमसीएलकेच्या निम्म्यावर आणतात. मग ६४०० 'स्थिर' वाटतं आणि प्रत्यक्षात ६००० पेक्षा हळू चालतं. एकास-एक ठेवून ६४०० चालवणं प्रत्येक प्रोसेसरला जमत नाही, आणि न जमणं हा दोष नाही.

*अर्धा-पाऊण तास सगळं शांत, मग एकेक एरर.* हा आपल्या हवेतला नेहमीचा पाहुणा: उष्णता. याला वेगळी जागा देऊ.

उष्णता, टीआरईएफआय आणि मे महिना

रॅमची प्रत्येक पेशी म्हणजे गळकी घागर. विद्युतभार सतत पाझरत असतो, म्हणून ठरावीक वेळाने तो पुन्हा भरावा लागतो. किती वेळाने भरायचा ते टीआरईएफआय ठरवतो. भरायला किती वेळ द्यायचा ते टीआरएफसी. पेशी तापली की गळती वाढते. म्हणजे जो टीआरईएफआय ४५ अंशांना पुरतो तो ६० अंशांना पुरेल असं नाही.

आकडे मांडून बघू. ६००० वेगाला एमसीएलके ३००० मेगाहर्ट्झ, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ३००० सायकल. प्रमाणित अंतर ३.९ मायक्रोसेकंदांचं, म्हणून टीआरईएफआय ११७००. ट्यूनिंगच्या नादात लोक तो कमाल मर्यादेला, ६५५३५ ला नेतात. ते झाले जवळपास २१.८ मायक्रोसेकंद, मूळच्या साडेपाच पट. गार स्टिकला हे पचतं आणि लेटन्सी (डेटा मिळायला लागणारा वेळ) खरोखर कमी होते. पण डिसेंबरात रात्री अकरा वाजता पास झालेली टेस्ट मे महिन्यातल्या दुपारी तीनला पास होईल याची खात्री कोण देणार? खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश स्टिकही वर जाते. अकोल्याला किंवा नागपूरला खोलीतलाच फरक १२-१५ अंशांचा असतो.

करायचं ते असं. टेस्टमेम५ चालवून एसपीडी हबचं तापमान आणि पहिल्या एररची वेळ टिपून घ्या. समजा पहिला एरर ४० व्या मिनिटाला आला आणि तेव्हा स्टिक ५८ अंशांवर होती. आता कॅबिनेटचं झाकण काढा, एक साधा १२० मिलिमीटरचा पंखा स्टिकवर वारा पडेल असा टेकवून ठेवा, सेटिंग अजिबात न बदलता तीच टेस्ट पुन्हा लावा. स्टिक ४६-४८ वर राहिली आणि दोन तास स्वच्छ गेले, तर गुन्हेगार सापडला. पंखा ही तपासणीची युक्ती आहे, उपाय नव्हे. कायमचा पंखा लावायची तयारी नसेल तर टीआरईएफआय ५०००० ला आणा, मग ३२७६८ ला. त्याखालीही फार काही हरवत नाही.

पंख्याने एरर कमी झाले पण संपले नाहीत, तर टीआरएफसी सैल करा. हा नॅनोसेकंदांत विचार करायचा आकडा आहे: ६००० ला नॅनोसेकंद गुणिले तीन म्हणजे बायोसमधला आकडा. १६ गिगाबिटच्या चिपला प्रमाणित वेळ २९५ नॅनोसेकंद, म्हणजे ८८५. हायनिक्सची ए-डाय चिप १६० च्या आसपास, म्हणजे ४८० ला बहुधा चालते. सॅमसंग आणि मायक्रॉनच्या चिपना इतकं खाली नेऊ नका. स्टिक एकाच नावाची असली तरी आतली चिप बॅचनुसार बदलते, म्हणून दुसऱ्याचा टीआरएफसी उचलण्याआधी आपली चिप कुठली ते एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघा.

गेम खेळतानाच क्रॅश, टेस्टमध्ये कधीच नाही, हाही बहुतेकदा याच घरातला प्रकार. ३०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड आपली गरम हवा थेट वरच्या स्टिकवर सोडतं. खात्री करायची तर टेस्टमेम५ आणि एखादा ग्राफिक्सचा ताण एकत्र चालवा. आणि विदर्भातल्या वाचकांसाठी: एअर कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर थेट सोडू नका. आतली दमट हवा आणि त्यावर बसलेली धूळ रॅमच्या एररपेक्षा महाग पडेल.

बाकीचे टायमिंग, थोडक्यात

ज्यांनी नुसतं एक्स्पो चालू केलंय त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. हाताने दुय्यम टायमिंग घट्ट केले असतील तर निदान या पातळीवर सैल करून बघा: टीआरआरडीएस ८, टीआरआरडीएल १२, टीएफएडब्ल्यू ३२ (तो टीआरआरडीएसच्या चौपटीखाली नेण्यात काही मिळत नाही), टीडब्ल्यूआर ४८, टीआरटीपी १२. टीआरएएस हा टीआरसीडी आणि टीआरटीपीच्या बेरजेपेक्षा कमी ठेवू नका; टीआरसी म्हणजे टीआरएएस अधिक टीआरपी. एका वेळी एकच गट बदला. तीन गट एकदम सैल करून पास झालात तर तुम्हाला फक्त एवढंच कळतं की सैल रॅम चालते.

सकाळी पडतो, रीस्टार्ट केला की चालतो

हा प्रकार माणसाला वेड लावतो, कारण टेस्ट लावायला बसलं की मशीन गुणी बाळासारखं वागतं. दोष बहुतेकदा मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर या सेटिंगभोवती असतो. ते चालू असलं की बोर्ड दर वेळी ट्रेनिंग न करता जुने मोजलेले आकडे वापरतो आणि बूट पटकन होतो. काल तापलेल्या मशीनचे आकडे आज थंड मशीनला जुळले नाहीत की गडबड. शिवाय ते चालू आणि 'पॉवर डाउन एनेबल' (रॅम रिकामी असताना वीज वाचवणारं सेटिंग) बंद, ही जोडी एएम५ वर अस्थिरतेसाठी कुप्रसिद्ध आहे. दोन्ही चालू ठेवा, किंवा रिस्टोअर बंद करून बूटला अर्धा-एक मिनिट जास्त द्या. तपास चालू असेपर्यंत तरी ते बंदच हवं, नाहीतर बदललेल्या सेटिंगचं नीट ट्रेनिंगच होत नाही आणि तुम्ही जुनंच काहीतरी तपासत राहता. स्लीपमधून उठताना पडणाऱ्या मशीनलाही आधी हेच करून बघा.

ट्रेनिंगच दर वेळी वेगळं येत असेल, म्हणजे तेच सेटिंग तीन बूटांत पास आणि चौथ्यात नापास, तर तुम्ही कडेला उभे आहात. व्हीडीडीआयओ (प्रोसेसरच्या रॅमशी बोलणाऱ्या भागाचं व्होल्टेज) व्हीडीडीक्यूच्या बरोबरीने आहे का बघा. तेही बरोबर असेल तर वेग २०० ने उतरवा. म्हणून शेवटची टेस्ट कधीही एकाच बूटवर घेऊ नका: मशीन रात्रभर बंद ठेवा, सकाळी चालू करून पुन्हा अर्धा तास व्हीटी३ लावा.

चार स्टिकचा मोह

'आत्ता १६-१६ घेऊ, पुढच्या वर्षी आणखी दोन टाकू' हा हिशेब डीडीआर३ च्या काळात चालायचा. एएम५ वर चार स्टिक लावल्या की रायझन ७००० ची अधिकृत हमी ३६०० वर येते. होय, ५२०० वरून ३६००. दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या किटमध्ये पार्ट नंबर तोच असला तरी चिप वेगळ्या निघू शकतात, आणि एक्स्पो प्रोफाइल हे त्या किटमधल्या दोनच स्टिकसाठी लिहिलेलं असतं.

चार स्टिक आधीच लावल्या असतील तर एक्स्पो बंद ठेवून ४८०० पासून सुरुवात करा आणि २०० च्या पायऱ्यांनी वर जा. ५२००-५६०० ला पोचलात तर नशीब चांगलं, तिथेच थांबा. ६४ जीबी खरंच लागत असेल तर चारही विकून ३२ जीबीच्या दोन घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सुटी स्टिक स्वस्तात मिळते ती याच कारणाने महाग पडते.

डीडीआर४ आणि इंटेलवाले

एएम४ वर (आधीच्या रायझनचं सॉकेट, डीडीआर४) गणित सोपं आहे: ३६०० वेगाला एफसीएलके १८००, एकास-एक. १९०० च्या वर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरचा (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) १९ क्रमांकाचा इव्हेंट साचायला लागला तर एफसीएलके उतरवा. तो स्टिकचा दोष नाही. सॅमसंग बी-डायच्या घट्ट ट्यून केलेल्या स्टिक ५० अंशांच्या आसपासच रुसायला लागतात, म्हणून वरचं उष्णतेचं प्रकरण त्यांना दुप्पट लागू.

इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीत एसओसीच्या जागी व्हीसीसीएसए आणि मेमरी कंट्रोलरचं व्हीडीडी२ ही व्होल्टेज बघायची. डीडीआर५ सहसा गिअर २ मध्ये (कंट्रोलर रॅमच्या निम्म्या घड्याळावर) चालतो. चार स्लॉटच्या साध्या बोर्डवर ७२०० च्या पुढे जाण्याचा प्रयत्न करू नका, तिथे अडथळा बोर्डाच्या तारांचा असतो. आणि १३ व्या-१४ व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल, गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणून बंद पडत असतील, तर रॅमला दोष देण्याआधी थांबा. या चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरच झिजण्याचा दोष २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला, त्यावर मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवं बायोस पुढची झीज रोखतं, झालेली भरून काढत नाही. रॅम ४८०० ला ठेवूनही क्रॅश सुरूच असतील तर प्रोसेसर वॉरंटीत द्या.

सगळं पास झाल्यावर

बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा आणि पेनड्राइव्हवरही उतरवून घ्या. कर्व्ह ऑप्टिमायझर आता परत लावा, आणि त्यानंतर क्रॅश आला तर तो रॅमच्या माथी मारू नका. अस्थिर काळात विंडोजच्या फाइल बिघडल्या असण्याची शक्यता असते, म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर आधी डिसमचं रिस्टोअर हेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ चालवा. दुरुस्त न होणाऱ्या फाइल निघाल्या तर सरळ विंडोज नव्याने टाका. स्थिर रॅमवरही जुना बिघाड क्रॅश देत राहतो आणि माणूस पुन्हा टायमिंगकडे वळतो. त्या काळात कॉपी केलेले महत्त्वाचे फोटो आणि झिप फाइल उघडून बघा.

स्टिक वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर किटमधल्या दोन्ही पाठवा, बहुतेक कंपन्या एकच स्टिक बदलून देत नाहीत. सोबत एक्स्पो बंद असताना, ४८०० वर आलेल्या मेमटेस्ट८६ च्या एररचा फोटो जोडा. ६००० वरचा फोटो पाठवलात तर 'तुमचा प्रोसेसर पेलत नसेल' हे उत्तर ठरलेलं आहे.